रांगोळीची उघडी फाइल

हडपसरला गाडीतळाजवळ, एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे मी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर शिकवतो. चित्र म्हणजे फोटो नव्हे. रेघांनी बांधलेलं, भिंतीएवढं मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. त्याआधी वीस वर्षं मी बुधवार पेठेत लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात गणपती काढत होतो. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालक म्हणाले, "तुम्हाला येतं ते आता दुसऱ्यांना शिकवा." पुण्यात ज्याला काम उरत नाही तो क्लास काढतो. माझ्याकडे तेवढीही धमक नव्हती, म्हणून मी दुसऱ्याच्या क्लासात शिकवतो.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बॅच सुरू होऊन आठवडा झाला होता. चाळिशीची बाई, लोणी काळभोरहून बसने आलेली. जिन्याच्या प्रत्येक पायरीला कठडा धरून थांबत होती. मला वाटलं, मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आली असेल.

"मुलीलाच पाठवा, मी बोलतो तिच्याशी," मी म्हणालो.

"मुलगी न्हाय सर, मलाच शिकायचंय."

"आधी कॉम्प्युटर हाताळलाय कधी?"

"न्हाय. पुसलाय. एका हापिसात सफाईला हुते."

असं उत्तर आमच्या पेठेतसुद्धा सहसा मिळत नाही. मी तिला खुर्ची दिली.

पंधरा वर्षं ती सोलापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत रांगोळ्या घालत होती. दारात, बोहल्यासमोर, जेवणाच्या पंगतीच्या कडेने. बारा-बारा फुटांची वर्तुळं. सगळं काम उकिडवं बसून. त्यात दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, इथून पुढे जमिनीवर बसायचं नाही, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत चालणंही अवघड होईल. नवऱ्याचं काम असून नसल्यासारखं, त्यामुळे घर तिच्याच हातावर चाललेलं. आणि हल्ली कार्यालयांत छापील रांगोळ्या यायला लागल्या होत्या. मोठं स्टिकर आणतात, फरशीवर चिकटवतात, लग्न लागलं की सोलून टाकतात.

"ती छापायची रांगोळी कुणीतरी काढत आसंल ना, सर? खुर्चीत बसून?" तिने विचारलं. "मला त्ये काम पायजे. रांगोळी मला येतीच. नुस्तं खुर्चीत बसून काढायला शिकवा."

त्याच वेळी मी तिला सांगायला हवं होतं, की ताई, असं काम आता फारसं कुणाला मिळत नाही. माझ्या मागच्या बॅचमधलं एकही पोरगं चित्र काढून पोट भरत नाही. लोक मोबाइलला सांगतात आणि मोबाइल काढून देतो. मी सांगितलं नाही. एक तर क्लासला माणसं हवी होती. आणि खरं सांगायचं तर, कुणाला तरी मनापासून शिकायचंय याचाच मला इतका आनंद झाला की बाकीचं बोलायचं मी टाळलं.

पहिला महिना तिने माउस हातात धरण्यातच घालवला. शेजारची पोरं हसायची. त्यांना मी म्हणालो, "हसा, हसा. त्यांना निदान कमळ कसं दिसतं ते माहीत आहे." मग आम्ही रंगांवर आलो, आणि तिथे तिने मला गप्प केलं.

या सॉफ्टवेअरमध्ये आकार म्हणजे बिंदूला बिंदू जोडत जाणारी रेघ. तिला पाथ म्हणतात. आत एकसारखा रंग भरायचा असेल तर काही अडत नाही. पण पाकळी देठाशी गडद आणि टोकाला फिकी हवी असेल तर ग्रेडियंट घालावा लागतो, आणि कटकट तिथून सुरू होते. ही छटा आकाराच्या लांबी-रुंदीला चिकटून बसलेली असते. एक बिंदू जरासा बाहेर ओढला की आख्ख्या पाकळीची छटा सरकते. पाकळी मधोमध कापली तर दोन्ही तुकडे आपापली छटा पहिल्यापासून सुरू करतात. दोन पाकळ्या जोडल्या तर एकीचा रंग जातो तो जातोच. यावरचा उपाय म्हणजे रंग आणि आकार यांना वेगळं ठेवायचं. छटेचा एक मोठा तुकडा खाली मोकळा पसरून ठेवायचा आणि त्यावर पाकळीच्या पाथची चौकट लावायची. चौकटीत येईल तेवढाच रंग दिसतो. मग चौकटीचे बिंदू कितीही ओढा, खालचा रंग जागचा हलत नाही. हे मी प्रत्येक बॅचला चार वेळा सांगतो. पाचव्या वेळी कुणीतरी विचारतं, "सर, हे परीक्षेला आहे का?"

तिने एकदाच ऐकलं. "म्हंजे रांगोळीत करतो तसंच की," ती म्हणाली. "आदी रंग पसरून घ्यायचा आन् मग वरनं पांढरी रेघ वडायची. रेघ चुकली तर रेघ मोडायची. रंगाला हात न्हाय लावायचा."

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी तेच सांगत होतो, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने तिने एकच रांगोळी काढली. आठ कमळं, त्यांच्यामधून फिरणारी वेल, बाहेरून मोरपिसांची किनार. एकेका पाकळीत एक रंग दुसऱ्यात विरत गेलेला, बोटांच्या चिमटीतून सुटावा तसा. ती बिंदू ओढायची, चित्र मोठं करून बघायची, पुन्हा ओढायची. मी तिच्या मागे उभा राहून चुका काढायचो, कारण तो माझा स्वभाव आहे. हा बिंदू फालतू आहे, काढा. ही वळणं दोन बिंदूंत होतात, पाच कशाला? थरांना नावं द्या: कमळ, देठ, वेल, किनार. प्रत्येक रंग असा बांधून घ्या की एका जागी बदलला तर सगळीकडे बदलला पाहिजे. एकही छटा मोडून पक्की करायची नाही, सगळं जिवंत ठेवायचं, म्हणजे नंतर कधीही बदलता येतं. तिने मुकाट्याने सगळं केलं. मी तीस वर्षांत अनेक फाइली पाहिल्या, माझ्या स्वतःच्याही पाहिल्या. तिच्याइतकी नीट एकही नव्हती.

सोलापूर रस्त्यावर फ्लेक्स आणि स्टिकर छापणारं एक मोठं दुकान आहे. आसपासच्या बहुतेक कार्यालयांना छापील रांगोळ्या तेच पुरवतं. तिने स्वतःच तिथे जाऊन विचारलं. मालक म्हणाले, नमुना पाठवा, त्याचे पैसे देऊ, आणि आवडला तर दर महिन्याला नवी डिझाइनं घेऊ. त्या दिवशी ती कठडा न धरता जिना चढून आली. मी मनात म्हटलं, होईल. या एकीचं तरी होईल.

फाइल पाठवायच्या दिवशी तिने मला विचारलं, "सर, ह्येचा फोटो करून पाठवू का? नुस्तं बघण्यापुरता?"

आणि मी, तीस वर्षांचा अनुभवी माणूस, म्हणालो, "फोटोच पाठवायचा होता तर शिकलात कशाला ताई? मोबाइल होताच की घरी."

पोरं हसली. ती ओशाळली. मी पुढे व्याख्यान दिलं. छापखान्यात काम द्यायचं ते उघडं द्यावं, स्वच्छ द्यावं, समोरच्याला एक बिंदू हलवावासा वाटला तर हलवता आला पाहिजे, त्यातच कारागिराची इभ्रत असते. बुधवार पेठेत आम्ही असंच करायचो. तिथे ते चालायचं, कारण तिथे रोज सकाळी तीच माणसं समोरासमोर बसायची, आणि पुढचा गणपती माझ्याकडूनच काढून घ्यावा लागणार हे मालकांना ठाऊक होतं. हा फरक माझ्या डोक्यातही आला नाही. तिने माझ्यासमोर उघडी फाइल पाठवली. मीच मागे उभा राहून बटण दाखवलं.

ठरलेला मोबदला तिला आला. त्यानंतर काही नाही. तिने फोन केला. "बदल असतील तर कळवतो" असं उत्तर मिळालं. महिन्याने पुन्हा केला, तेच उत्तर. कोर्स संपला होता, तरी ती आठवड्यातून दोनदा यायची, मागच्या खुर्चीवर बसून दुसरी रांगोळी काढत राहायची. "तेवढं तयार ठेवते, सर. बोलावलं आन् हातात काय नसलं तर?" मी म्हणायचो, बोलावतील. पुढे पुढे मी तिच्याकडे न बघता म्हणायला लागलो. मग एका महिन्यात तिचं येणं बंद झालं.

मला राहवलं नाही म्हणून मी त्या दुकानात गेलो. मालकांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त वाईट. मी क्लासातला सर आहे म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले.

"अहो सर, काय फाइल बांधून दिली तुमच्या बाईंनी! पाथ कसाही ओढा, ग्रेडियंट हलत नाही. हे बघा." त्यांनी पडद्यावर एकामागून एक रांगोळ्या दाखवल्या. आठाची सहा कमळं, गुलाबीची निळी, गोलाची चौकोनी, नवरीच्या शालूला जुळणारी, मधोमध वधूवरांची नावं घातलेली. प्रत्येकीत तिच्या पाकळ्या होत्या. "आमच्या मुलांना काही येत नाही, पण यात येण्यासारखं राहिलंच नाहीये. थर उघडायचा, रंग बदलायचा, झालं."

"मग त्यांना पुढचं काम कधी देताय?"

मालक क्षणभर गोंधळले. त्यांना खरंच कळलं नव्हतं की मी कशासाठी आलोय. "सर, लोकांना रांगोळी लागते," ते म्हणाले. "नवी रांगोळी कुणाला लागते?"

मी भांडायची तयारी करून गेलो होतो. पण भांडणार कशावर? त्यांनी चोरलेलं काही नव्हतं. फाइल तिने पाठवली होती, पैसे त्यांनी दिले होते. तिने जर मोडून, पक्की करून, वेडीवाकडी फाइल दिली असती, तर दर लग्नाला तिला बोलवावं लागलं असतं. मी तिला इतकं चांगलं शिकवलं की तिची गरजच उरली नाही. तिच्या पायावर मी धोंडा पाडला, तोही तिच्याच हातून उचलवून. मी चहा पिऊन निघालो. मालक दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, असेच विद्यार्थी घडवत राहा.

तिला फोन करावा असं बरेचदा वाटलं. काय सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून केला नाही. भेकडपणाला आम्ही पुणेकर भिडस्तपणा म्हणतो.

यंदा लग्नसराईत क्लासच्या मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं, लोणीच्या अलीकडच्या एका कार्यालयात. मी सवयीप्रमाणे वेळेच्या फार आधी पोहोचलो. मांडवात फुलांचे ढीग पडले होते, केटररची माणसं टेबलं लावत होती. बोहल्यासमोरच्या फरशीवर एक बाई उकिडवी बसून स्टिकर चिकटवत होती. एका हाताने मागचा कागद सोलायचा, दुसऱ्या हाताने रबरी पट्टी दाबत हवा बाहेर काढायची, मग तशीच बसल्या बसल्या वीतभर पुढे सरकायचं. साडीवरून दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले होते. जांभळी कमळं होती, मोरपिसांची किनार होती.

तिनेच मला आधी ओळखलं. "सर, तुमी?"

मी काहीतरी पुटपुटलो. डॉक्टरांनी बसायचं नाही सांगितलं होतं ना, असंही विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी कुठल्याच विद्यार्थ्याला माफ केला नसता.

"त्या दुकानातच लागले," ती म्हणाली. "म्हनले, डिझाइनचं काय काम न्हाय, चिकटवायला बाई पायजे. येताय का? आले." पट्टी थांबली नव्हती. "आदी आमच्या गावातल्या दोघी घालायच्या हितं रांगोळी. त्यांचं बी बंद झालं. बोलत न्हाईत माझ्याशी आता."

"माझंच चुकलं ताई," मी म्हणालो. "तुम्ही फोटो पाठवत होतात. मीच..."

"न्हाय ओ सर." तिने मान वर केली. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. थोडा जरी सापडला असता तरी मला बरं वाटलं असतं. "तुमी शिकवलं ते बरोबरच हुतं. बगा की, एवढं वडलंय, तानलंय, कापलंय, पर एक बी रंग तुटला न्हाय."

खरंच तुटला नव्हता. मी खाली बघत उभा राहिलो. पाकळ्या देठाशी गडद होत्या, टोकाला फिकट होत जात होत्या, आणि मला त्या क्षणी त्यात काहीही सुंदर दिसलं नाही. मंगलाष्टकांच्या माइकची तपासणी सुरू झाली. कुणीतरी तिला ओरडून सांगितलं, लवकर आटपा, मंडळी येतायत.

ती एक वीत पुढे सरकली. सरकताना तोंडातून कण्हल्यासारखा आवाज आला, तो तिने खोकून झाकला.

"सर, जरा पाय उचला," ती म्हणाली. "कडा तुमच्या बुटाखाली ऱ्हायलीय."