डाव्या डोळ्यासमोरच्या रेघा

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, लेकीजवळ तर नाहीच. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा यावरून पटकन पुढं सरकते — त्याला काय कळत नाही होय? पण तोंडानं म्हणायचं धाडस होत नाही. आज तुमच्याजवळ म्हणते. मधेच थांबले तर घाई करू नका.

आमच्या ह्यांना — शाळेत क्लार्क होते, आता घरीच असतात — वयापायी डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला. त्यात कडेची नजर शाबूत राहते आणि बरोबर मधली जाते. कळेपर्यंत उजवा डोळा गेलाच होता. डावा राखायचा होता. त्यासाठी डॉक्टरांनी चौकटी छापलेला एक कागद दिला, मध्ये ठिपका. रोज चष्मा लावायचा, उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं त्या ठिपक्याकडं बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी या, म्हणाले, उद्यावर ढकलू नका.

कागद मी गॅसशेजारच्या भिंतीवर चिकटवला — कुठं चिकटवावं एवढीही अक्कल नको? फोडणीचं तेल उडून त्याचं पार वाटोळं झालं. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी धरून मी तसाच दुसरा काढला. ह्यांनी चेष्टा केली, बुद्धिबळाचा पट मांडलास की म्हणाले.

त्याच सुमारास लेक पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला आली. नात झाली. किती वर्षांनी आमच्या घरात पाळणा! मी नुसती हवेत होते. बारशाला बार्शीहून तिच्या सासरची माणसं यायची होती. शेंगापोळ्या, घुगऱ्या, अंगडी-टोपडी — सगळा घाट मीच घातलेला. एका सकाळी मी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळत होते आणि हे कागदापुढं उभे होते.

"अगं, ठिपक्याजवळच्या रेघा वाकल्यासारख्या दिसतायत की."

मी उठले. हात तुपाचे होते. जवळ जाऊन बघितलं. रेघा सरळ होत्या — अगदी सरळ.

आणि मी म्हणाले, "माझाच हात हलला असेल. मी काय तुमच्यासारखी जन्मभर रजिस्टरं आखलीत होय?"

हसले हो ते. लगेच विश्वास ठेवला.

का म्हणाले मी तसं? घाबरले? थोडी घाबरलेच. पण खरं सांगू — मला त्या दिवसांत दवाखाना नको होता. डोळ्यात सुई, घरभर काळजी, बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी... माझ्या आनंदात कुणी मोडता घालू नये, एवढंच वाटलं. मेलं, एवढंच! पुढं रोज ते म्हणायचे, नवा काढून दे ना, हा लईच वाकडा दिसतोय. मी म्हणायचे, बारसं होऊ दे, मग काढते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना नेलं. मान तिरकी केल्याशिवाय तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, कालपासून. हे शेजारीच बसलेले; म्हणाले, त्याआधी कागदच वाकडा होता हो, हिनं काढलेला. इंजेक्शनं झाली. मधली नजर काही परत आली नाही. वेळेत नेलं असतं तर वाचली असती का? मी विचारलंच नाही. कधीच नाही.

आल्यागेल्याला हे अजून कौतुकानं सांगतात, आमच्या हिला सगळं येतं, फक्त रेघ सरळ येत नाही. लोक हसतात. मीही हसते.

नात आता शाळेत जायला लागली. सुट्टीत आली की नवा फ्रॉक घालून आजोबांपुढं उभी राहते. ती दिसावी म्हणून हे तोंड भिंतीकडं फिरवतात, कारण कडेनंच काय ते दिसतं. तिला वाटतं, आजोबा बघतच नाहीत. मग दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवते. "आजोबा, माझ्याकडं बघा की!" सरळ बघितलं की ती दिसेनाशी होते, हे त्यांनी मलाच सांगितलंय. पण ते मान हलवत नाहीत. तिनं धरलेली तशीच ठेवतात आणि म्हणतात, "दिसली हो, दिसली. किती गोड दिसतेस." मी दारात उभी असते.