चालतं त्याला हार

जगात जेवढ्या म्हणून वस्तू मोडून पडल्या आहेत त्या सगळ्या आपलीच वाट बघत पडल्या आहेत, अशी माझ्या व्याह्यांची ठाम समजूत आहे. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मुलगी बघायला ही मंडळी आमच्या घरी आली, मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, आणि हे गृहस्थ मात्र मान वर करून आमच्या पंख्याकडे बघत बसले होते. तो पंखा बरीच वर्षं टकटक करायचा. आम्हाला तो आवाज ऐकू येईनासा झाला होता. 'पावणं, स्टूल हाय का घरात?' हे त्यांचं माझ्याशी झालेलं पहिलं बोलणं. पोहे गार व्हायच्या आत पंखा खाली, पाती दिवाणावर आणि व्याह्यांचे हात मनगटापर्यंत काळे. देण्याघेण्याचा विषय निघालाच नाही, कारण मुलाच्या बापाच्या तोंडात स्क्रू होते. लग्न ठरलं. पंखा त्या दिवसापासून चिडीचूप फिरतोय आणि मुलगीही पुण्यात सुखात आहे. तक्रार एवढीच, की मुलीच्या बापानं व्याह्यांना नाही म्हणायचं नसतं. त्या दिवशी मी स्टूल धरून जो उभा राहिलो, तो आजतागायत काही ना काही धरून उभाच आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांचं घर. एका दूध डेअरीत यंत्रं सांभाळण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर सांभाळायला यंत्रं उरली नाहीत म्हणून त्यांनी ती जमवायला घेतली. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, हे स्क्रूड्रायव्हर लावतात. लग्नाला गेले की अक्षता टाकायच्या आधी मांडवाचे नटबोल्ट चाचपून येतात. एकदा मयताला गेले असताना त्या घरच्या फाटकाची बिजागरी कुईकुई करत होती, तर एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं तिला तेल घालून आले. माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत मिक्सर, रेडिओ, पंप, शिलाई मशीन अशी सगळी पेशंट मंडळी दाटीवाटीनं पडलेली असतात. 'पडून हाय म्हणून मेलंय असं न्हाई ओ पावणं,' असं ते म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा होतो.

ह्या पसाऱ्यावर विहीणबाईंचा एकच कायदा चालतो. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारं आणि वाहनं धुऊनपुसून त्यांची पूजा करायची, त्यांना झेंडूचा हार घालायचा, हे आपल्याकडे घरोघरी असतं. त्यांच्या घरी त्याला एक जादा कलम आहे: चालतं त्यालाच हार. ज्याला हार मिळाला नाही ते दसरा झाला की भंगारात. एकदा व्याह्यांनी एका मुक्या पंपाला गुपचूप हार घालून ठेवला. विहीणबाई आल्या, त्यांनी बटण दाबलं, पंप गप्प. त्यांनी शांतपणे हार काढला आणि पाट्या-वरवंट्याला घातला. 'ह्यो तरी राबतोय,' म्हणाल्या. व्याह्यांना तो पंप गेल्याचं दुःख अजून आहे.

त्या खोलीत एक गिअरची सायकल होती. डोंगरात चालवायची, जाड दातेरी टायरांची. जावईबापू दहावी झाले तेव्हा व्याह्यांनी ती घेऊन दिली होती, आणि त्या काळात ती नुसती बघायला गल्लीत माणसं जमायची म्हणे. जावईबापू तिच्यावरून पन्हाळ्याला जायचे. मग ते इंजिनिअर व्हायला पुण्याला गेले आणि सायकल माडीवर गेली. टायर तडकले, तारा गंजल्या, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. इकडे व्याह्यांचे गुडघेही हळूहळू तिच्या वाटेनं निघाले. जिना चढताना चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याचा पाय दुखावा. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि सांगितलं, दोन्ही गुडघे बदलून घ्या. आता ज्या माणसानं आयुष्यात टॉर्चचं बटणसुद्धा बदललं नाही, दुरुस्त केलं, त्याला हे सांगायचं म्हणजे! 'बदलून? दुरुस्त हुईत न्हाईत व्हय?' अपमान झाल्यासारखे ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टर बिचारे म्हणाले, तोवर पाय हलते ठेवा, सायकल चालवा. त्यांना म्हणायची होती ती घरात एका जागी उभी असते ती. व्याह्यांना दिसली ती माडीवरची.

विहीणबाईंना मात्र ऑपरेशनची तारीख हवी होती. कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' अशा बोलायला लागल्या की पुढच्यानं हात जोडून ऐकायचं असतं. 'नवमीपतोर वाट बघतो मी,' त्या म्हणाल्या. 'सायकल आन गुडघं दोन्ही चालली, तर माझं काय म्हणणं न्हाई. न्हाईतर ती भंगारात आन तुम्ही दवाखान्यात.' एवढ्यावर गप्प बसतील तर ते व्याही कसले! 'चालली म्हंजे काय गल्लीत फिरवून दावू व्हय? डोंगराची सायकल हाय. नवमीला पन्हाळ्याला जाऊन येतो. घाटात जमिनीला पाय टेकला तर हरलो!' विहीणबाईंनी नुसती मान हलवली. आपणच आपल्याला किती खोल खड्ड्यात घातलंय हे व्याह्यांना त्यावेळी कळलं नाही. मला कळलं, कारण त्या खड्ड्यात मीही होतो.

जावईबापूंचा फोन आला, 'बाबा, नवीन सायकल मागवतो, दारात येईल.' व्याही म्हणाले, 'गुडघं नवीन, सायकल नवीन. उद्या बाप बी नवीनच मागव की!' आणि फोन माझ्या हातात देऊन टाकला. पेन्शनीतला रुपया सायकलीला लावायचा नाही अशी त्यांनी शपथ घेतली. घरची रद्दी विकून येईल ते आणि रविवारची मिसळ सोडून वाचेल ते, एवढंच भांडवल. कोल्हापूरच्या माणसानं रविवारची मिसळ सोडली म्हणजे काय समजायचं? पहिल्याच रविवारी शेजारचे दोघंतिघं तब्येतीची चौकशी करून गेले.

गंज काढायला बाजारात औषध मिळतं, पण ते विकत आणावं लागतं. व्याह्यांना आठवलं, डेअरीतला एक जुना फिटर सांगायचा की काकवीच्या पाण्यात लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो. त्यांच्या मेहुण्यांचं शिरोळकडे गुऱ्हाळ आहे आणि तिथे गेल्या हंगामातली आंबलेली काकवी पडून होती. 'पडून आहे' हे शब्द ऐकल्यावर त्यांना कोण थांबवणार! काकवीचा डबा माझ्या स्कूटरवर माझ्याच दोन पायांमध्ये बसून आला आणि ती पँट मी पुन्हा घातली नाही. अंगणात पिंप मांडून सायकलीचा सांगाडा त्यात उतरवला. गंज सुटला, कबूल. पण गंज सुटायच्या आधी मुंग्या आल्या. काळ्या आल्या, मग लाल आल्या, मग गांधीलमाश्या आल्या. पोस्टमन फाटकाबाहेरूनच टपाल भिरकावू लागला. 'सायकल करताय का वारूळ?' विहीणबाई खिडकीतून ओरडल्या. व्याह्यांनी सांगाडा बाहेर काढला, फडक्यानं पुसला, आणि खाली लख्ख लोखंड दिसलं तेव्हा त्यांना मुंग्या चावत होत्या तरी ते हलले नाहीत. 'बगा पावणं! म्हटलं नव्हतं?' त्यांचा तो चेहरा बघून मीसुद्धा माझी पँट विसरलो.

मग कामाला वेगच आला. रद्दीच्या आणि मिसळीच्या पैशात टायर आले. मेहुण्यांच्या ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग सायकलीला लागला. गिअरमधलं एक दातेरी चाक तुटलं होतं. तसलं आता कुठं मिळत नाही म्हणून सायकलच्या दुकानात हसले, तर व्याही तडक उद्यमनगरात गेले, लेथवाल्याच्या डोक्यावर बसले आणि जाड प्लास्टिकच्या तुकड्यातून तसंच चाक कापून घेतलं. तो तुकडा कुठून आला ते मी सांगणार नाही. विहीणबाई भाजी चिरायचा पाट अजून शोधत आहेत. सीटचं चामडं त्यांच्या ओळखीच्या चपला करणाऱ्या कारागिरानं घालून दिलं, आणि तिथे भलताच घोटाळा झाला. कोल्हापुरी चप्पल चालताना करकर वाजावी म्हणून तिच्या तळाच्या दोन चामड्यांमध्ये बिया घालतात. कारागिरानं प्रेमापोटी त्या सीटमध्येही घातल्या. 'मोठ्या माणसाचं काम, मुकं कसं द्यायचं?' म्हणाला. आता बसून पॅडल मारलं की करकर, करकर. मी कपाळाला हात लावला. व्याही खूश! 'घंटीचा खर्च वाचला की ओ!'

नवमीला उजाडता उजाडता निघालो. ते सायकलवर, मी मागे स्कूटरवर. पंप, पाणी, पाने सगळं माझ्याकडे. विहीणबाईंनी मला दोरी दिली. 'जमंना झालं तर टेम्पो करा आन दोघांस्नी घेऊन या. सायकल तिथं टाकू नका, भंगारवाला यायचाय.' मग व्याही पुढे गेलेले बघून हळूच म्हणाल्या, 'हेंच्याकडं लक्ष ठेवा, पावणं.'

पंचगंगेचा पूल ओलांडून केर्लीपर्यंत झकास गेलो. दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकलवरची पोरं शेजारून जाताना ओरडली, 'काका, सायकल वाजतीया का चप्पल?' 'दोन्ही!' व्याही तेवढ्याच जोरात ओरडले. पण वाघबिळापासून घाट लागला आणि वर धुकं असं दाटलं की माझ्या स्कूटरचं पुढचं चाक मला दिसेना. व्याही तर गुडुप. ऐकू येत होती ती नुसती करकर. आधी झपाझप, मग सावकाश, मग एकेक करकर अशी, की मधे मी देवाचं नाव घेऊन मोकळा व्हायचो. आणि सगळ्यात उभ्या चढावर ती थांबली.

'पावणं!' मी ओरडलो. उत्तर नाही. पाय टेकला असला तर टेकू दे, भंगार झालं तर होऊ दे, पण हा माणूस कुठं पडलाय का बघा रे कुणी! मुलीला काय तोंड दाखवू? विहीणबाईंनी लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि मी धुक्याकडे लक्ष ठेवून बसलो होतो. स्कूटर तशीच पुढे काढली. वळणावर धुकं जरा विरळ झालं आणि मला आधी लाल रंग दिसला, मग व्याही दिसले. ते सीटवर नव्हतेच. पॅडलवर उभे होते! ज्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता, त्या गुडघ्यांवर अख्खा देह तोलून, दात ओठ खाऊन, एक पाय, मग दुसरा पाय, असे ते उभ्यानं घाट चढत होते. सीट रिकामी म्हणून करकर बंद. मी ओरडलो, 'अहो, आवाज द्यायचा ना!' ते मागे न बघता धापा टाकत म्हणाले, 'पावणं... दम... एकच हाय... बोलू का... चढू?'

चढले! पन्हाळ्याच्या नाक्यावर पोचले तेव्हा सीटवर बसून, करकर वाजवत, छाती काढून पोचले. नाक्यावर गाड्यांची पावती फाडत होते. तिथल्या माणसानं ह्यांना हातानंच पुढे जायला सांगितलं. तर हे अडून बसले. 'पावती फाड.' 'सायकलीला पावती नसती, काका.' 'का? वाहन न्हाई व्हय ही?' 'काका, सायकल हाय ती.' 'मग मोटरसायकलीची फाड!' मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. मी त्यांना आणि सायकलीला ढकलत पुढे नेलं. वर जाऊन चहा घेतला. चेहरा असा, की नुकताच गड ह्यांनीच जिंकलाय. 'पावणं,' ते म्हणाले, 'काटाकिर्र!'

घरी आलो तेव्हा अंगणात पूजा मांडून झाली होती. मिक्सर, शिलाई मशीन, विळी, हातोडे, सगळे ओळीनं बसलेले. विहीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, 'पाय टेकला का?'

'नाही टेकला,' मी म्हणालो. 'उभं राहून चढले.' आणि त्यांची दोरी त्यांना परत दिली.

त्यांनी सायकलीला हळदकुंकू वाहिलं, हँडलला हार घातला. मग व्याह्यांना म्हणाल्या, 'बसा हितं पायरीवर. पँट वर घ्या.' व्याही गोंधळून बसले. विहीणबाई खाली वाकल्या, एका गुडघ्याला हळदकुंकू लावलं, मग दुसऱ्याला, आणि दोन्हींवर एकेक झेंडू ठेवून निरांजन ओवाळलं. 'ह्या वर्सी चालली,' त्या म्हणाल्या. 'पुढच्या नवमीला बघू.' जन्मभर बडबड करणारा तो माणूस फूल पडू नये म्हणून गुडघे घट्ट जुळवून नुसता बसून राहिला.

मग विहीणबाई ताट घेऊन माझ्याकडे वळल्या. 'पावणं, तुमचं?' मुलीच्या सासूनं आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं, आणि खरं सांगायचं तर तो अधिकारही नव्हता. 'माझे नकोत,' मी म्हणालो, 'मी स्कूटरवरनं आलो.' 'मग ऱ्हाऊ द्या,' त्या हसून म्हणाल्या. 'आमच्यात चालतं त्यालाच हार.' सगळे हसले, मीही हसलो. माझ्या स्कूटरला हार घालून त्यांनी मला निरोप दिला. घरी आल्यावर मात्र मी बराच वेळ स्वतःच्या कोऱ्या गुडघ्यांकडे बघत बसलो होतो.

परवा व्याह्यांचा फोन आला. 'पावणं, उचगावच्या भंगारवाल्याकडं एक सायकल पडून हाय. तुमच्या मापाची वाटती.' मुलीच्या बापाला नाही म्हणता येत नाही. गेल्या रविवारपासून मी मिसळ सोडली आहे. नवमी अजून लांब आहे. तोवर आम्हा दोघांचे गुडघे टिकावेत, आणि घाटातल्या धुक्यात माझ्यापुढे ती करकर ऐकू येत राहावी, एवढंच मागणं आहे.