कांदा चाकापाशीच पडला

सुशीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गव्हाला ऊन देत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तिची मुलगी बोलली... मी बराच वेळ गहू हलवत बसले.

केनवडजवळच्या एका गावात आम्ही दोघी शिक्षिका होतो, एकाच खोलीत राहायचो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेचं अवकाशयान कोसळणार, असं रेडिओवर सांगितलं आणि गावाने धसका घेतला. मरायचंच आहे म्हणून काहींनी कोंबड्याही कापून संपवल्या. एका मुलीने वर्गात विचारलं, फिरत्या यानातून माणसाने उडी मारली तर तो वाचेल का? सुशीला म्हणाली, तो खाली येणारच नाही, यानासोबत फिरत राहील. झालं! बाई पोरांना काहीबाही शिकवतात, अशी तक्रार गावातले मोठे शेतकरी बापूराव यांनी हेडमास्तरांकडे नेली. सुशीलाची नोकरी कच्ची, घर तिच्याच पगारावर. चुकलं म्हणून वर्गात सांगा, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं. मीही म्हटलं, म्हणून टाक एकदा.

"चुकली असती तं म्हटलं असतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बापूरावांचीच दमणी मागितली. बाईंची जिरणार म्हणून त्यांनी ती हलकी बैलगाडी खुशीने दिली. वर्ग सडकेच्या कडेला उभा केला, हेडमास्तरांनाही बोलावलं आणि पळत्या गाडीतून सुशीलाने एक कांदा सोडला. तो मागे राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण गाडीचा वेग त्यालाही होताच. तो चाकापाशीच पडला.

"पन पडला तं," हेडमास्तर म्हणाले. मला वाटलं, गेली हिची नोकरी.

"यानबी पडूनच राह्यलं, सर. पन ते इतक्या जोरात पुढं जाते का खालची जमीन वाकत जाते, त्याले टेकू देत नाही. उडी मारनाऱ्याचंबी तसंच."

"मंग हे यान खाली काहून येऊन राह्यलं?"

"वरची विरळ हवा त्याचा वेग खाऊन राह्यली."

हेडमास्तरांनी पडलेला कांदा उचलून पाहिला. मग म्हणाले, हे उद्या वर्गात पुन्हा सांगा, मीही येऊन बसतो. बापूरावांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही.

परवा तिच्या वाशिमच्या घरी गेले. ओसरीवर दोन शाळकरी मुली बसलेल्या. अडलेलं विचारायला त्या नेहमी यायच्या. सुट्टीत मामाकडे गेल्यामुळे त्यांना काही कळलंच नव्हतं. बटन बंद केल्यावरही पंखा का फिरत राहतो, असं धाकटीने मलाच विचारलं.

"थांबा, सुशीलाले विचारू," म्हणत मी आतल्या खोलीकडे वळले.