दुर्बीण आणि डोळ्यातली चार बोटं

हालवर टेगलँडने आयुष्यात कुणाची गय केली नाही. रविवारी चर्चमध्ये ‘आम्हांला आमच्या अपराधांची क्षमा कर’ हे सगळ्यांत मोठ्या आवाजात तोच म्हणायचा, आणि नंतर कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच कुणाच्या बुडालेल्या पिकावर, कुणाच्या पळून गेलेल्या बायकोवर त्याची जीभ सुटायची. लोक हसायचे. ज्याच्यावर हसायचे तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याची पाळी पुढच्या रविवारी पुन्हा येई. अमेरिकेतल्या मोन्टानाच्या त्या उघड्या माळावर घरं लांबलांब. माणसाला माणसाची भूक असते, मग ते माणूस चावरं का असेना.

त्याची बायको आर्डिस तिथेच टेबलाशी केक कापत असायची. ती हसत नसे, रागावतही नसे. देवाने पदरात टाकलेलं माणूस, असं म्हणून तिने सगळा जन्म काढला होता.

हालवरचा मान होता तो नेमबाजीमुळे. दर उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या लष्करी बंदुकांची स्पर्धा भरे. लक्ष्य पार दूर, टेकडीच्या पायथ्याशी. हालवरची बंदूक त्याच्या बापाची. पहिल्या महायुद्धानंतर बापाने सैन्याच्या जुन्या मालातून ती आणली होती. तिच्यावर नेम धरायला नळीच्या टोकाची साधी माशी, म्हणजे पोलादाचा बारीक उंचवटा, बस. उघड्या डोळ्याने तो नेम धरायचा आणि बंदुकीवर दुर्बीण लावणाऱ्यांना म्हणायचा, “या आजीबाई, चष्मा पुसून घ्या.”

या दुर्बिणीचं एक असतं. ती डोळ्यापासून चार बोटं लांब हवी. जवळ बसली, तर बार उडताच बंदूक मागे धडक देते आणि काचेची कड भुवईवर अर्धा चंद्र कोरते. तो चंद्र म्हणजे नवखेपणाचा शिक्का. ज्याच्या कपाळी तो उमटे, त्याला हालवर दुधाच्या उपड्या कॅनवर बसवायचा आणि त्याच्या कानाशी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायचा. ही चाल त्यानेच पाडलेली. बंदुका दुरुस्त करणारा वेंडेल सॉरबी विशीत असताना लग्नाच्याच आठवड्यात असा कापला गेला होता. हालवर ती घंटा कोटाखाली लपवून चर्चच्या जेवणावळीत घेऊन गेला. नवरी रडली. त्यावर हालवर म्हणाला, “रडू नकोस गं, एक चंद्र तुला रोजच दिसणार आहे.”

दोन हिवाळ्यांपूर्वी हालवरच्या डोळ्यांत डाग उतरला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंडाच्या जागी राखाडी धूर. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कडा राहतील, मधलं जात राहील. आजपासून गाडी बंद, बंदूकही बंद.” घरी येताच त्याने बायबल काढलं, आर्डिसचा हात धरून त्यावर दाबला.

“हे कुणाजवळ बोलणार नाहीस. शपथ घे.”

“हालवर, गाडी तरी नको रे चालवूस. रस्त्यात एखादं लेकरू आलं तर?”

“शपथ घे म्हटलं ना.”

तिने घेतली. तेव्हापासून ती त्याची डोळेझाक करणारी बायको आणि त्याचे डोळे, दोन्ही झाली. चर्चच्या दाराशी ओठ न हलवता ‘पायरी’ म्हणायची. पिकअपमध्ये शेजारी बसून ‘ट्रक येतोय, उजवीकडे घे’ म्हणायची, तो वळवायचा, आणि तिच्या काखेत घाम सुटायचा. रोज झोपताना एकच मागणं मागायची: परमेश्वरा, याला थांबव. माझी शपथ न मोडता थांबव, आणि कुणाचा जीव जाण्याआधी थांबव.

त्या वर्षी हालवरला माशी दिसेनाच. स्पर्धेला गेलं नाही तर लोक कारण विचारणार. शेवटी त्याने बापाची बंदूक उचलली आणि वेंडेलच्या दुकानात गेला. आर्डिस सोबत होतीच.

“दुर्बीण बसव,” हालवर म्हणाला.

वेंडेलने हातातली कानस खाली ठेवली. “मिस्टर टेगलँड, तुम्ही? अहो, तुम्हीच म्हणायचात, लष्करी बंदुकीला भोक पाडणं म्हणजे बापाच्या कवटीला भोक पाडणं.”

“बाप माझा. कवटीही माझीच. तुझ्या हाताला कंप सुटत असेल तर तसं सांग.”

भोकं पाडावीच लागतात. दुर्बिणीची बैठक स्क्रूने घट्ट बसली नाही तर एवढ्या लांबच्या माऱ्यात प्रत्येक गोळी आपल्या मनाला येईल तिकडे जाते. शिवाय काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टचा सरळ दांडा उचलला की दुर्बिणीला आपटतो. तो कापून, वाकवून पुन्हा जोडायचा. वेंडेलने गिरमिट लावलं. जुनं पोलाद दात खात किंचाळत राहिलं. हालवर खिडकीकडे तोंड करून उभा होता, जणू बाहेर काही बघण्यासारखं होतं.

मग शेवटची पायरी आली. दुर्बीण कड्यांमध्ये सैल ठेवलेली असते. माणसाने डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकायचा आणि डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर ठीक. भोवती काळी कड दिसली तर सांगायचं, मग दुर्बीण पुढे सरकवतात.

हालवरने डोळे उघडले.

“काळं दिसतंय का कडेला?” वेंडेलने विचारलं.

“स्वच्छ. पौर्णिमा आहे.”

वेंडेलने पाहिलं. काच आणि भुवई यांच्यात त्याने बोटं घालून बघितली. दोनच मावली. 

“पुन्हा एकदा बघा. घाई नाही. नीट बघा.”

“दिसतंय म्हटलं ना! तुझ्यासारखा कपाळावर सही घेऊन फिरणारा मी नव्हे. बायको विसरली का रे तो चंद्र, की अजून चुंबनाआधी वाट चुकते?”

वेंडेलचा चेहरा लोण्यावरून सुरी फिरवावी तसा सपाट झाला. त्याने आर्डिसकडे पाहिलं. तिला सगळं दिसत होतं: ती दोन बोटं, आणि नवऱ्याची कुठेच न बघणारी नजर. एक शब्द बोलायचा होता. ‘पुढे घे.’ तेवढ्याने शपथही मोडली नसती. पण तिच्या मनात आलं, भुवई कापली तर कापू दे. चार टाके पडतील, लाज वाटेल, आणि हा आपणहून बंदूक खाली ठेवील. मग गाडी चालवणंही सोडील. परमेश्वराने मागणं ऐकलं ते असं, अशी तिने मनाची समजूत घातली आणि कोटाचं बटण लावत राहिली.

वेंडेलने एकेक स्क्रू आवळला.

स्पर्धेच्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. हालवर टेगलँडच्या बंदुकीवर चष्मा, ही बातमीच तशी होती. “काय हालवर, आजीबाई कुणाला म्हणायचं आता?” मागून कुणीतरी ओरडलं. “या आजीबाईने तुझ्या बापालाही हरवलंय,” तो म्हणाला आणि फळ्यांच्या चौथऱ्यावर पालथा झाला. डाग टाळून कडेने बघायला त्याने मान आणखी पुढे काढली. आर्डिसने ओठ मिटून घेतले.

बार झाला. त्याचं डोकं मागे उडालं. भुवईतून रक्ताचा पडदा डोळ्यावर उतरला.

 मग हसण्याचा जो लोंढा फुटला, त्यात इतक्या वर्षांचं सगळं होतं. कुणी कॅन आणला. कुणी खुंटीवरची ती गाईची घंटा ओढली. ती वाजू लागली, हातोहात फिरत, वेड्यासारखी वाजत. त्या गदारोळात पंचाने शिट्टी फुंकली, लाल निशाण वर गेलं. गोळीबार बंद. टेकडीखालच्या खंदकातून लक्ष्यं सांभाळणारी माणसं बाहेर आली आणि गवतातून चालू लागली.

हालवरला शिट्टी ऐकू आली नाही. निशाण तर त्याच्या अगदी नाकासमोर होतं, म्हणूनच ते त्या धुरात होतं. त्याने बाहीने रक्त पुसलं, अंगठ्याने चाचपत दुर्बिणीखालून एक काडतूस आत सारलं आणि बोल्ट बंद केला.

“हालवर!” आर्डिस किंचाळली. “नको! माणसं आहेत!”

वेंडेलने झेप घेऊन नळीवर पाय दिला. बंदूक फळीत दाबली गेली. घंटा कुणाच्या तरी हातात तशीच थांबली.

“निशाण दिसलं नाही?” वेंडेल धापा टाकत म्हणाला. “एवढं मोठं निशाण?”

“कुठलं निशाण?” हालवर म्हणाला.

मग कुणाला काही विचारावं लागलं नाही. लोक हळूहळू मागे सरले. एकाने कॅन उचलून नेला. घंटा धरलेल्या माणसाने तिची जीभ मुठीत दाबली होती. आर्डिसला वाटलं, हसा रे, अजून हसा. पण ज्याच्यावर सगळे हसत होते तो उरलाच नव्हता. दुरून येणारी माणसं आता जवळ पोचली होती. त्यांतल्या एकाच्या अंगात पिवळा शर्ट होता. मघाशी नळी नेमकी त्याच्याकडे रोखलेली होती. 

वेंडेलने काडतूस काढलं, बोल्ट ओढून घेतला आणि तो हालवरच्या पसरलेल्या हातात न देता आर्डिसच्या हातात ठेवला.

“दुर्बीण मी उतरवून देईन,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “भोकं मात्र राहतील.”

ती नवऱ्याचा दंड धरून निघाली. “पायरी,” ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं.

हालवरला घेऊन ती पिकअपपाशी आली. रुमाल भुवईवर दाबून त्याने विचारलं, “दुर्बीण मागे बसलीय, हे वेंडेलला कळलं होतं?”

“हो.”

“आणि तुला?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू शपथ घातली होतीस.”

“हे त्या शपथेत नव्हतं, आर्डिस.”

 त्याने हात पुढे करून गाडीचा पत्रा शोधला, त्यावरून चाचपत दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं आणि आत बसून समोर तोंड केलं. ती चालकाच्या जागी चढली. आसन त्याच्या लांब पायांच्या मापाचं होतं, वर्षानुवर्षं न हललेलं. तिने खालचा खटका ओढला, दोन्ही पायांनी जोर लावला, पण ते पुढे सरकेना.