खुराक रांधणाऱ्या मावशी

“आधी तोंड बघू दे.”

कुठल्याही मुलीनं ताट पुढे केलं की मावशी हेच म्हणायच्या. एका हातात पळी तशीच थांबायची, दुसऱ्या हातानं तिची हनुवटी वर करायच्या, डोळ्यांत बघायच्या आणि मगच वाढायच्या.

सावेडीत आमचं कुस्तीचं केंद्र आहे. मी तिथं मुलींना शिकवते. मावशी मूळच्या बेलापूरच्या. केंद्रात फक्त पैलवान गडी होते तेव्हापासून स्वयंपाक त्यांच्याकडे. रविवारी चर्चमधून आल्या की चांगलं लुगडं बदलून थेट शेगडीपाशी.

“तवा एकेकाला तांब्याभर दूध, वाटीभर तूप, रोजचं मटन,” त्या सांगायच्या. “थंडाईचे बदाम घोटून घोटून माजा खांदा कामातनं गेलाय.”

मग आहारतज्ज्ञ आल्या आणि फ्रिजवर तक्ता लागला. ओट्स, तोलून पनीर, डब्यातली पावडर, अंड्याचा फक्त पांढरा भाग. पहिल्या दिवशी मावशी पिवळ्या बलकांनी भरलेल्या पातेल्याकडे बघतच राहिल्या.

“मॅडम, येवडं सगळं टाकायचं? मग कोंबडीनं घातलंच कशाला?”

टाकलं अर्थात नाहीच. वॉचमनला रोज भुर्जी मिळू लागली आणि दोन महिन्यांत त्याच्या गणवेशाचं बटण लागेना.

मला वाटायचं, त्यांना तो पनीर तोलायचा वजनकाटा मनातून नको असणार. एकदा तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी म्हणाले, “मावशी, तुमच्या वेळचा खुराकच खरा, नाही का?”

त्यांचा हात थांबला.

“न्हाई मॅडम. आमचे हे पैलवान हुते. कुस्ती सुटली, खुराक न्हाई सुटला. तूप तेवडंच, मटन तेवडंच, मेहनत काईच न्हाई. शुगर झाली, पाय कापला. चाळिशीबी बघितली न्हाई त्यांनी. आन् वाढनारी मीच हुते.”

पनीरचा तुकडा त्या दोन-दोनदा का तोलतात, ते त्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षीची निवड चाचणी. पारनेरची एक मुलगी माझी सगळ्यात तयार पैलवान. गट त्रेपन्न किलोचा. दोन दिवस आधी वजन दीड किलो जास्त भरलं. माझ्या काळी आमच्याकडून जे करून घेतलं, तेच मी केलं. जेवण बंद, पाणी बंद, घाम निघावा म्हणून अंगात प्लास्टिकचा सूट आणि भर उन्हात पळायला लावलं. “थोडंच राहिलंय,” मी ओरडत होते.

संध्याकाळी ती नुसती वासाला म्हणून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मावशींनी तिची हनुवटी वर केली. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले.

“मॅडम, हिचं अंग भाजतंय. आन् घाम कसा न्हाई?”

तोवर ती फरशीवर कोसळली.

मी जागच्या जागी गोठले. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, सूट सुरीनं टराटरा फाडला, अंगावर हंडाभर पाणी ओतलं. “रिक्षा बोलवा! बघत काय ऱ्हायलात?” त्या माझ्यावर ओरडल्या तेव्हा मी हलले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “पाणी कुणी बंद केलं होतं?”

“मी,” मी म्हणाले. मावशी मागेच उभ्या होत्या.

बाहेर बाकावर त्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, “येकाला खाऊन खाऊन जाताना बघितलंय मी. हिला उपाशी जाताना नका बघायला लावू.”

मुलगी वाचली. चाचणी हुकली. मी तिला वरच्या गटात घेतलं आणि प्लास्टिकचे सगळे सूट फेकून दिले. पुढे मावशींचे गुडघे गेले, त्या बेलापूरला लेकाकडे राहायला गेल्या.

यंदा त्याच मुलीची निवड झाली. दुपारी जेवणघरातूनच मी मावशींना फोन लावला. लेकानं उचलला.

“मॅडम, आई प्रभूत निजली. आठ दिस झाले. कुनाकुनाला कळवायचं, काई सुचलंच न्हाई.”

मी फोन ठेवला.

समोर ती मुलगी तिसरी भाकरी मोडत होती. “सांगितलं मावशींना? काय म्हणाल्या?” तिनं भरल्या तोंडानं विचारलं.

“तू जेव आधी,” मी म्हणाले.

ती जेवली, वरण मागून घेतलं, ताट धुऊन ठेवलं. मग मी सांगितलं.