माझ्या निशाणावरच्या गोळ्या

लष्कराच्या चांदमारीत मी पास झालो तेव्हा माझ्या निशाणावर ज्या गोळ्या लागल्या होत्या, त्यांतली एकही मी मारलेली नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना तर नाहीच. ज्याने त्या मारल्या त्याला अर्थातच माहीत आहे, पण त्याच्याशीही हा विषय मी पुन्हा कधी काढला नाही.

मी ठाण्याचा. वडील कोर्टात कारकून. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मॅट्रिक झालेल्या मुलाने आपलीही एक खुर्ची शोधावी आणि तिच्यावर बसून म्हातारं व्हावं, हे आमच्या घरात ठरल्यासारखंच होतं. नेमकं तेच मला नको होतं. फौजेत जातो म्हटल्यावर वडिलांनी वाद घातला नाही. वाद परवडला असता. ते फक्त मान वर न करता विचारायचे, "बादली उचलून दमतोस, बंदूक कोण उचलणार? आई?" आणि आई विरोध करण्याऐवजी खायला घालून छळायची. "वजन कमी भरलं तर परत पाठवतात ना रे?" म्हणून पहाटे धावायला निघालो की दाराशीच डिंकाचा लाडू आणि वर पेलाभर दूध. लाडू पोटात घेऊन कुणी धावून बघावं, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

बरोबर धावायला माझा मित्र असायचा. खाडीकाठच्या गावातला, आगरी, शाळेत माझ्याच बाकावर बसणारा. त्याच्या घरातले सगळे मिठागरात राबलेले. घोडबंदर रोड तेव्हा पहाटे मोकळा असे. एखादी बैलगाडी, दोन्हीकडे झाडी. मला श्वास पुरत नसे आणि हा अनवाणी, वर गप्पा मारत धावायचा. त्याचा मला फार राग यायचा.

एके दिवशी समोरून एसटी येत होती. "बोर्ड वाच," तो सहज म्हणाला.

"जवळ येऊ दे."

गाडी जवळ आली आणि धूळ उडवत निघून गेली.

"आता?"

"धूळ होती."

तो थांबलाच. "धूल मागून उडते रं. तू आंधला हायस."

चष्मा लावला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण चष्मेवाल्याला फौजेत घेतच नाहीत, असं आम्ही कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवत नाही. खरं-खोटं कुणाला विचारलंही नाही. आमच्या घरात अडचणीवर उपाय एकच होता, पाठांतर. पाढे पाठ, श्लोक पाठ. वडिलांना कायद्याची कलमं झोपेत विचारली तरी यायची. तेव्हा मी डोळे तपासायचा तक्ता पाठ करायचं ठरवलं. वडिलांच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू गुपचूप सैल करायचा, तो घट्ट करून घ्यायला बाजारातल्या चष्मेवाल्याकडे जायचं आणि त्याचं काम होईपर्यंत भिंतीवरच्या तक्त्याला नाक लावून उभं राहायचं. चार-पाच खेपा झाल्यावर त्याने विचारलं, "काय हो, हा स्क्रू रोज कसा सैल होतो?"

"वडील झोपेत चष्मा काढतात."

"मग चष्म्याला घरी ठेवा आणि त्यांना घेऊन या."

भरती कल्याणला होती. युद्धाच्या वेळच्या छावणीतल्या बऱ्याच बराकी आता निर्वासितांना दिल्या होत्या. माळाच्या एका कडेला लष्कराचं ठाणं उरलं होतं. तिथेच निवड आणि तिथेच पहिलं प्रशिक्षण. तक्ता तोच निघाला. मी इतक्या घाईने वाचला, की डॉक्टरांची काठी खालच्या ओळीवर यायच्या आधीच ती ओळ म्हणून टाकली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पण मागे उघड्याबंब पोरांची रांग उभी होती आणि ऊन चढलं होतं. "पुढचा," ते म्हणाले. पुढचा माझा मित्र होता. त्याने सावकाश, अडखळत, पण बघून वाचला.

प्रशिक्षण म्हणजे पहिले काही आठवडे घोंगडीची घडी. देशाचं रक्षण राहिलं बाजूला. घोंगडीचे चार कोपरे सारखे आले नाहीत तर माळाला धावत फेरी. आमचे हवालदार उत्तरेकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. माझी घडी बुटाच्या टोकाने उलगडून ते म्हणत, "पढ़ा-लिखा आदमी है, कंबल चौकोर नहीं बनता?" मी पुन्हा घडी घालायचो, ते पुन्हा उलगडायचे. हे शहाण्या माणसांचं काम आहे का, असं मला रोज वाटायचं. मित्राला मात्र सगळ्याची गंमत वाटायची. त्याच्या पायांना बूट चावत, टाचा सोलून निघत, तरी हा रात्री उस्तादांची नक्कल करायचा.

मग चांदमारी सुरू झाली आणि माझं पाठांतर संपलं. लांबवरचं निशाण म्हणजे दुधात टाकलेली खडीसाखर. आहे हे माहीत, दिसत नाही. माझ्या गोळ्या मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात जात. "मुंशी," उस्ताद म्हणायचे, "तेरी गोली छुट्टी पर गई क्या?" मित्राचा नेम मात्र उपजतच चांगला. शेवटच्या चाचणीत जो नापास होईल तो घरी, हे आम्हाला सांगितलेलं होतं.

आता खरं सांगायची जागा आली. पुष्कळ वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आलो, की त्याने जे केलं ते आपण होऊन केलं. तसं नाही. मी त्याला विचारलं. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रायफली साफ करत बसलो होतो.

"उद्या माझं काही खरं नाही," मी म्हणालो. "घरी गेलो तर वडील जन्मभर ऐकवतील."

"उस्तादला सांग डोल्यांचं."

"आणि तक्ता कसा वाचला ते काय सांगू?"

तो नळीत चिंधी सारत राहिला.

"तुझं निशाण माझ्या शेजारीच आहे," मी म्हणालो. "कुणाची गोळी कुठे लागली, लांबून कोण बघतंय?"

तो हसला. "म्हंजे तुझ्या राशीत टोपल्या टाकू?"

त्यांच्या मिठागरात ही रीतच होती. मुकादम यायच्या आधी ज्याची मिठाची रास कमी दिसेल, तिच्यात शेजारच्याने आपल्या टोपल्या रिकाम्या करायच्या. एखाद्याला ताप असतो, एखाद्याच्या पायाला जखम असते. त्यात उपकार नाही आणि लबाडीही नाही. पुढच्या वेळी तो आपल्या राशीत टाकेल.

"दोन-चार टाकतो," तो म्हणाला. "माझी रास मोठी हाय. तू कशाला घाबरतंस?"

त्याने टाकल्या. मी पास होण्यापुरत्या नेमक्या टाकल्या. उरलेल्यांत आपलं भागेल असा त्याचा हिशेब होता. पण त्या दिवशी वारा होता, त्याच्या स्वतःच्या निशाणावरच्या एक-दोन गोळ्या बाहेर गेल्या आणि तो नापास झाला.

कच्चा नेमबाज नापास झाला असता तर कुणी विचारलंही नसतं. पण घरची ओढ लागलेली काही पोरं मुद्दाम नेम चुकवतात, हे उस्तादांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला साहेबांपुढे उभं केलं.

"घर जाना है?"

"नहीं, साहब."

"तो गोली कहाँ गई?"

त्याने माझं नाव घेतलं नाही. शेजारी होतो म्हणून मलाही बोलावलं. "इसने किधर मारा?"

"मालूम नहीं, साहब," मी म्हणालो. थांबलोसुद्धा नाही.

फौजेत याचं मन लागत नाही, असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने आपल्या घोंगडीची घडी घातली, चारही कोपरे सारखे. "सांभालून रे," मला म्हणाला. "पुढं कोन टाकनार टोपल्या?" तो टोमणा नव्हता, त्याला खरंच काळजी होती. आणि मला त्याचाच राग आला. एवढं चांगलं वागायला याला सांगितलं कुणी? सांगितलं मीच होतं.

त्याच्या बापाने, मुलगा फौजेत गेला म्हणून, सगळ्या मिठागरात नारळ वाटला होता. तो परत आला तेव्हा गावाने त्याला "फौजी" नाव ठेवलं. "काय रं फौजी, आयेची याद आली?" बाप त्यानंतर त्याच्या शेजारच्या खाचरात काम करेना. काही वर्षांनी बाप गेला. मुलगा पळून आला, असंच समजून गेला.

आणि माझं काय झालं? सहा महिन्यांच्या आत मी लांबून साहेब समजून धोब्याला कडक सलाम ठोकला. उस्तादांनी मला कान धरून डॉक्टरकडे नेलं. तक्ता या वेळी वेगळा होता. आता तुरुंग, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी चष्म्याची चिठ्ठी लिहिली आणि विचारलं, "हिशेब लिहिता येतो?" मला भांडारात कारकून केलं. चष्मेवाले कारकून फौजेला हवेच होते. भरतीच्या दिवशी त्यांची वेगळी रांग होती म्हणे. कुणाला विचारलं असतं तर मी सरळ त्या रांगेत उभा राहिलो असतो आणि मित्र आपल्या रांगेत. सुट्टीवर घरी आलो तेव्हा वडील चष्म्यावरून बघत म्हणाले, "शेवटी खुर्चीच ना?"

चष्मा नाकावर आल्यावर तरी मी साहेबांकडे जाऊन बोलायला हवं होतं. त्याला कदाचित परत घेतलं असतं. शिक्षा झाली असती ती मला. म्हणूनच गेलो नाही. मग बदली झाली, मग लग्न, मग बोलायला उशीर झाला आहे ही सबब. ती दरवर्षी जास्तच पटत गेली.

गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या मुलाच्या हळदीला गेलो होतो. मांडवात तो मुलगा हळद लावलेला, खुशीत, माझ्या शेजारी येऊन बसला. "काका, तुम्ही तरी फौजेत टिकलात," तो म्हणाला. "आमच्या बाबांचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे." आजूबाजूचे हसले. मुलगा वाईट नाही. बापाची थट्टा करायची त्या घरात सवयच आहे. मित्र पंगतीत वाढत होता. त्याने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पानात भात वाढून म्हणाला, "जेव रं." मी जेवलो. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि जेवलो.

मित्राच्या बापाला सांगायचं होतं ते आता कधीच सांगता येणार नाही. त्याच्या मुलांना, तो समोर असताना, त्याच्या ओटीवर उभं राहून हे सगळं सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.