परवाचा स्विच

श्रीवर्धनजवळच्या एका शाळेच्या मैदानावर आमची डिटॅचमेंट होती. एक हेलिकॉप्टर, दोन पायलट आणि आम्ही दहा-बाराजण. मी सुभेदार, रेडिओ माझ्याकडे. काम पूरमदतीचं. सकाळी इंजिनची तपासणी, मग ब्रीफिंग, मग हवा उघडेल तसं उड्डाण. औषधं, तांदूळ, एखादी अडलेली बाळंतीण. संध्याकाळी हेलिकॉप्टर दोरांनी बांधायचं, वर ताडपत्री टाकायची आणि खिचडी खायची.

टेक्निशियन दोन. हवालदार दळवी महाडकडचा. हवालदार अशोक तांबे पालीकडचा, आणि गरज पडली तर विंचच्या, म्हणजे दाराशी बसवलेल्या दोर ओढायच्या यंत्राच्या, दोरावरून खाली उतरणाराही तोच. बाकी तुकडीचा कारभार हिंदीत. हे दोघे एकत्र आले की गावची बोली सुरू. मी ओरडायचो, "अरे, ड्यूटीवर हिंदी बोला!" तांबे म्हणायचा, "साहेब, पान्याला मराठीच कळतंय."

एक गोष्ट आधी समजून घ्या. हेलिकॉप्टरमधला प्रत्येक बिघाड त्याच दिवशी दुरुस्त होत नाही. सुटा भाग हाताशी नसतो. मग बिघाड लहान असेल तर दुरुस्ती पुढे ढकलतात, पण मुदत घालून. मुदत संपली की ती वस्तू बंद, मग ब्रह्मदेव आला तरी.

सोमवारी विंचचा स्विच अडकायला लागला. हुक पूर्ण वर आला की विंच आपोआप थांबवणारा तो स्विच. मुदत मिळाली तीन दिवसांची, सोमवार धरून. तोवर डोळ्यांनी बघून, हाताने थांबवून चालवायचं. म्हणजे बुधवार शेवटचा. बुधवारी संध्याकाळी दळवी नवा स्विच आणायला ट्रकने बेसला निघाला. जाताना त्याने तांब्याला काम सोपवलं. मी चार हातांवर उभा होतो.

"विंचचा स्विच परवाचा हाय, ध्यानात ठेव."

"परवाचा."

"व्हय, परवाचा."

फौजेत ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं. तांब्याने म्हटलं. नियमाप्रमाणे सगळं झालं. दळवीला म्हणायचं होतं, बिघाड परवाचा, सोमवारचा, आज मुदत संपली. तांब्याने ऐकलं, मुदत परवाची, शुक्रवारची. आपल्या भाषेत गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. इथे कुणी ध चा मा केला नाही हो. शब्द होता तसाच या तोंडातून त्या कानात गेला.

गुरुवारी सकाळी हरिहरेश्वरच्या पुढे एक मच्छीमार होडी खडकांवर अडकल्याचा निरोप आला. इंजिन बंद, होडी चालवणारा तांडेल आणि दोन खलाशी, लाटा डोक्यावरून जाताहेत. आमचे पायलट कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे. त्यांनी विचारलं, "तांबे, विंच?"

"कल तक ठीक है, सर."

लॉगबुकात तारीख बरोबर होती. पण होडी फुटत असताना पानं कोण उलटतो? तांब्याचा शब्द म्हणजे शब्द, असं सगळेच धरून चालायचे. तारीख बघितली असती तर बेसवरून दुसरं हेलिकॉप्टर आलं असतं. होडीने तेवढा दम धरला असता की नाही, मला ठाऊक नाही. विचार करून डोकं फुटायची वेळ येते.

तांबे दोरावरून होडीवर उतरला; मी इकडे मैदानात रेडिओवर होतो.

"पहला ऊपर."

"रॉजर."

"दूसरा ऊपर."

"रॉजर."

तिसरा म्हातारा तांडेल. होडी सोडायला तयार नव्हता. तांब्याने त्याला कवेत घेऊन पट्टा बांधला आणि वर पाठवला. मग स्वतःसाठी दोर मागितला. तो दारापर्यंत आला होता. विंच चालवणाऱ्या नाईकाचा हात थांबवायच्या बटणाऐवजी त्याला आत ओढायला पुढे गेला, त्याच क्षणी विंच आपोआप थांबायला हवी होती. थांबली नाही. हुक वर आदळला आणि दोर तुटला.

रेडिओवर कॅप्टनसाहेबांचा आवाज, "मॅन लॉस्ट." मी "रॉजर" म्हटलं. दुसरा शब्दच नाही आमच्याकडे.

दुपारी दळवीचा ट्रक आला. माणगावच्या ट्रॅफिकला शिव्या घालतच तो उतरला. नवा स्विच खिशात, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. "तांब्या कुठं हाय?" म्हणाला. मीच सांगितलं. तो म्हणाला, "पन मी सांगितलं व्हतं त्याला!" आणि मग त्याचं त्यालाच उमगलं. मैदानात मटकन खाली बसला. एवढा दांडगा गडी, पण मला त्याच्याकडे बघवेना.

पेपरात 'तांत्रिक बिघाड' छापून आलं. तांत्रिक बिघाड, डोंबलाचा! चौकशीत कुणा एकावर ठपका आला नाही. दळवीने मात्र तो स्वतःच घेतला. जेवण सुटलं, झोप उडाली, पाना हातात धरवेना. शेवटी मीच त्याला तांब्याच्या घरी पालीकडे नेला. तो वाटेत म्हणत होता, "आई मला दारात उभा करनार न्हाय, साहेब." मलाही तीच भीती होती.

आई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. दळवीने पाय धरले आणि सगळं सांगितलं. परवा, सोमवार, शुक्रवार, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानपनापासून तसाच. अर्धं ऐकायचा नि पळायचा."

"न्हाय आये. त्यानं बराबर ऐकलं. मीच अर्धं बोललो."

"अर्धं तू बोललास, अर्धं तो समजला. मग सगळं तू एकटा कशाला वाहतोस, पोरा?" त्यांनी दळवीच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याचं अर्धं त्याच्यावर ऱ्हाऊ दे. त्याला आता वजन न्हाय लागत."

एवढं बोलल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. दळवीही रडला. मी, सुभेदार, उभ्या उभ्या रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

हवालदार अशोक तांबे. त्याने वर पाठवलेले तिघेही आज आहेत. तांडेलाने नवी होडी घेतली, पण तिच्यावर नाव रंगवलेलं नाही. "अशोक" लिहू का, असं आईंना विचारायची अजून त्याची हिंमत होत नाही.